नासकारमधली बरोबरी: नियम बदलला की फायदा कुठे सरकतो

नासकार या अमेरिकेतल्या मोटारशर्यत संघटनेची पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लटला झाली. ग्लेन डनअवे फोर्ड घेऊन पहिला आला, पण तपासणीत मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार सापडला आणि विजय जिम रोपरच्या लिंकनला मिळाला. शोरूममध्ये जी गाडी विकता तीच पळवा, एवढाच तेव्हाचा नियम होता. वरवर पाहता याहून न्याय्य नियम नाही. पण कंपनीला शर्यतीसाठीच गाडी बनवून ती शोरूममध्ये ठेवता येते, ही पळवाट त्यातच होती. पुढची वीस वर्षे कंपन्यांनी तिचाच वापर केला.

१९६४च्या डेटोना ५०० या नासकारच्या सर्वांत मानाच्या शर्यतीत क्रायस्लरचे ४२६ घनइंची (सुमारे ७ लिटर) हेमी इंजिन उतरले आणि पहिले तिन्ही क्रमांक क्रायस्लरच्याच प्लिमथ गाड्यांनी घेतले. ज्वलनकक्ष अर्धगोल असल्यामुळे त्यात मोठे व्हॉल्व्ह तिरके बसवता येत आणि हवा सहज आत-बाहेर होई. हे इंजिन तेव्हा सामान्य ग्राहकाला मिळत नव्हते, म्हणून १९६५साठी नासकारने ते रोखले. क्रायस्लरने बहिष्कार टाकला आणि तिचा चालक रिचर्ड पेटी ड्रॅग रेसिंगकडे (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतींकडे) वळला. जनरल मोटर्सने १९६३मध्येच अधिकृत माघार घेतली होती. परिणाम असा की त्या मोसमात ५५ पैकी ४८ शर्यती फोर्डने जिंकल्या. एका कंपनीचा फायदा काढायला केलेल्या नियमाने मैदान दुसऱ्या कंपनीला मोकळे करून दिले. प्रेक्षक घटले, आणि मोसमाच्या मध्यावरच नियम सैल करावा लागला. १९६६मध्ये ओव्हरहेड कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा वर बसवलेल्या) इंजिनावरून बहिष्काराची पाळी फोर्डची होती.

इंजिनांवर लक्ष बसल्यावर स्पर्धा बॉडीच्या आकारात गेली. क्रायस्लरच्याच डॉज चार्जरची पुढची जाळी आत खोल बसवलेली होती. तिथे हवा कोंडून पुढचा भाग उचलला जाई. मागची काचही खोलगट असल्याने तिथे हवा घोटाळत असे. डॉजने जाळी पुढे आणली, काच बॉडीच्या रेषेत बसवली आणि चार्जर ५०० काढली. फोर्डने टोरिनोचे नाक लांबवून टोरिनो टॅलाडेगा काढली, आणि ली रॉय यारब्रोने तिच्यावर १९६९ची डेटोना ५०० जिंकली. त्याच वर्षी डॉजचे उत्तर आले: टोकदार नाक आणि जवळजवळ दोन फूट उंचीचा मागचा पंख असलेली चार्जर डेटोना. पंख इतका उंच ठेवल्यामुळे तो छतामागच्या विस्कळीत हवेच्या वर, स्वच्छ प्रवाहात राही. शर्यतीत उतरण्याच्या मान्यतेसाठी ५०० गाड्या विक्रीला बनवणे पुरत असल्याने डॉजने त्याहून थोड्याच जास्त बनवल्या. पुढच्या वर्षी हा आकडा डीलरांच्या संख्येशी जोडला गेला, त्यामुळे प्लिमथला आपल्या अशाच पंखवाल्या सुपरबर्ड सुमारे १,९०० बनवाव्या लागल्या. २४ मार्च १९७० रोजी बडी बेकरने डॉज डेटोनामधून टॅलाडेगाच्या ट्रॅकवर ताशी २००.४४७ मैल (सुमारे ३२३ किमी) वेग गाठला.

नासकारने या गाड्यांवर थेट बंदी घातली नाही. १९७१साठी या खास बॉडींना फक्त ३०५ घनइंचांचे (सुमारे ५ लिटर) इंजिन ठेवले, बाकीच्यांना सात लिटरच्या आसपास मुभा राहिली. अशी गाडी कोणी उतरवणार नाही हे उघड होते. तरीही एका संघाने १९७१च्या डेटोना ५००मध्ये ती उतरवली, आणि डिक ब्रूक्स सातवा आला. दोन लिटर कमी असूनही सातवा, यावरून त्या आकाराची ताकद कळते.

१९७४मध्ये इंजिनाची मर्यादा ३५८ घनइंचांवर स्थिरावली. पण आकाराचा वाद संपला नाही. ऐंशीच्या दशकात बिल इलियटची फोर्ड थंडरबर्ड मोठ्या ट्रॅकवर सुटली, तर शेव्हरलेची माँटे कार्लो मागच्या उभ्या काचेपायी मागे पडली. मग शेव्हरलेने उतरत्या काचेची 'एरोकूप' काढली, तीही १९८६ मॉडेलमध्ये फक्त २०० गाड्यांपुरती. १९८७मध्ये इलियटने टॅलाडेगावर ताशी २१२.८०९ मैल वेगाची पात्रता फेरी मारली. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. १९८८पासून डेटोना आणि टॅलाडेगाला रिस्ट्रिक्टर प्लेट (इंजिनात जाणारी हवा अडवणारी पट्टी) सक्तीची झाली.

२०१९पर्यंत वापरात असलेली ही प्लेट मुळात कार्ब्युरेटर (हवेत इंधन मिसळणारा भाग) आणि इनटेक मॅनिफोल्ड (ते मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळ्या) यांच्यामध्ये बसे. तिला चार भोके असत आणि भोके लहान केली की हवा कमी, म्हणून ताकदही कमी. ताकद सगळ्यांची सारखी छाटली की फरक मिटेल, असे वाटते. होते उलटे. हाताशी ताकद कमी उरली की हवेचा अडथळा कापायला वाव उरत नाही, म्हणून ज्याची बॉडी किंचित गुळगुळीत त्याचा फायदा जास्त उठून दिसतो.

नव्वदीत हा हिशेब स्पॉयलरवर, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकावरच्या उभ्या पट्टीवर, आला. प्रत्येक कंपनीच्या बॉडीचे टेम्प्लेट (आकार तपासायचा साचा) वेगळे असल्यामुळे नासकार कोणाचा स्पॉयलर पाव इंच कापायला सांगे, कोणाला वाढवून देई. शर्यतीनंतर गाड्या जॉर्जियातल्या लॉकहीडच्या विंड टनेलमध्ये (वारा सोडून हवेचा परिणाम मोजणाऱ्या बोगद्यात) नेल्या जात. स्पॉयलर उंच केला की डाउनफोर्स (गाडीला जमिनीकडे दाबणारा हवेचा जोर) वाढतो, पण हवेचा अडथळाही वाढतो. एकच सवलत छोट्या ट्रॅकवर वरदान ठरते आणि मोठ्या ट्रॅकवर ओझे होते, त्यामुळे हे पाव इंचांचे न्यायदान कधीच स्थिर झाले नाही. शिवाय सवलत मंद दिसणाऱ्याला मिळते, म्हणून मंद दिसणेच फायद्याचे आहे, हे संघांना कळले.

याचे सर्वांत ठळक उदाहरण २००८चे आहे. दुसऱ्या श्रेणीच्या मालिकेत टोयोटाच्या गाड्या सतत जिंकत होत्या, म्हणून नासकारने मोसमाच्या मध्यावर त्यांच्या इंजिनात जाणारी हवा कमी करून सुमारे १५ अश्वशक्ती छाटली. ऑगस्टमध्ये मिशिगनच्या शर्यतीनंतर गाड्या डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवल्या, तेव्हा टोयोटा पळवणाऱ्या जो गिब्ज रेसिंग संघाच्या दोन गाड्यांत ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली चुंबक सापडले. पेडल पूर्ण दाबले जाऊ नये आणि डायनोवर ताकद कमी दिसावी, यासाठी ते होते. शिक्षा कडक झाली. माझ्या मते ऐन मोसमात कामगिरी बघून सवलत देण्याच्या पद्धतीचा दोष यापेक्षा स्पष्ट दिसू शकत नाही: मोजमाप ज्याच्या हिताविरुद्ध जाते, तोच ते बिघडवतो.

२००३मध्ये बहुतेक टेम्प्लेट समाईक झाले. २००७च्या 'कार ऑफ टुमारो'ने सगळ्या कंपन्यांना जवळजवळ एकच बॉडी दिली. बरोबरी मिळाली, पण गाडी कोणाची हे नाकावरच्या स्टिकरवरूनच ओळखावे लागे, आणि पैसा घालणाऱ्या कंपन्या त्यावर नाराज होत्या. २०१३मध्ये कंपन्यांना आपला चेहरा परत मिळाला.

२०२२च्या 'नेक्स्ट जेन' गाडीने प्रश्न वेगळ्या जागी सोडवला. चासी (सांगाडा), ट्रान्सॲक्सल (मागच्या चाकांजवळचा गिअरबॉक्स), एका नटाची १८ इंची चाके, असे बहुतेक भाग एकेका ठरलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यावे लागतात. इंजिन मात्र कंपनीचे असते. सपाट तळ आणि मागचा डिफ्युझर (तळाखालची हवा बाहेर काढणारा उतार) सर्वांना सारखा असल्याने डाउनफोर्सचा मोठा हिस्सा गाडीखालून येतो आणि वरच्या आकारातल्या फरकाचे वजन घटते. कंपनी आपली बॉडी आखते, पण विंड टनेलमध्ये तिचे आकडे ठरवून दिलेल्या मर्यादेत बसावे लागतात. संघांना पुरवठादाराच्या भागांना हात लावता येत नाही. २०२२मध्ये अशाच फेरफारासाठी फोर्डचा चालक ब्रॅड केसेलोव्स्कीचे १०० गुण कापले गेले.

तरीही बरोबरी झाली का, हे विजयांच्या आकड्यांवरून ठरवताना जपून राहावे लागते. २०२४मध्ये फोर्डने मस्टँग डार्क हॉर्सची नवी बॉडी आणली आणि पहिल्या बारा शर्यतींत एकही विजय मिळाला नाही. तेराव्यात, डार्लिंग्टनला, केसेलोव्स्की जिंकला, आणि मोसमाअखेर विजेतेपद फोर्डच्याच जोई लोगानोकडे गेले. बाराव्या शर्यतीनंतर कोणी स्पॉयलर वाढवून दिला असता तर काय झाले असते, हे यावरून कळते. २०२२ ते २०२४ तिन्ही वर्षे चालकांचे विजेतेपद फोर्डला आणि उत्पादकांचा किताब शेव्हरलेला मिळाला. उत्पादकांच्या गुणतक्त्यात प्रत्येक शर्यतीत कंपनीची फक्त सर्वांत पुढची गाडी धरली जाते. शेव्हरलेच्या गाड्या मैदानात सर्वांत जास्त असतात, तर २०२२ आणि २०२३मध्ये टोयोटाच्या पूर्णवेळ गाड्या सहाच होत्या. त्यामुळे या तक्त्यातला फरक बॉडीचा की गाड्यांच्या संख्येचा, हे वेगळे काढल्याशिवाय त्यावरून नियम बदलणे चुकीचे ठरेल.