जुवाखालचा खांदा

जानेवारीतली पहाट. साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, नंबर यायला अजून दोन-तीन तास. एका गाडीवानानं धुरेखाली टेकू लावला, बैलांच्या गळ्याखालचे पट्टे, म्हणजे सापत्या, सोडल्या, जू उतरवलं आणि उजवीकडच्या खिलार बैलाच्या मानेवर हात ठेवला. बैलानं अंग चोरलं. मी जवळ गेलो. वशिंडाच्या पुढं, जिथं जू बसतं तिथं, अर्ध्या नारळाएवढा फुगवटा आला होता. हाताला गरम लागत होता. बोटानं हलकेच दाबलं तर खड्डा पडला आणि तो भरून यायला बराच वेळ लागला.

"खांदा आलाय," गाडीवान म्हणाला. "चार दिस सोडाय पायजे. पण ह्याला सोडला तर गाडी कोण वढंल?"

बैलाचा खांदा येणं हे आपल्याकडं इतकं नेहमीचं आहे, की ते दुखणं कमी आणि कामाचा भाग जास्त वाटतं. मला ते मान्य नाही. खांदेसूज कुठल्या जंतूपासून सुरू होत नाही. ती वजनातून, चढातून, गाडी भरण्याच्या पद्धतीतून आणि तासांतून येते. या चारही गोष्टी मोजता येतात.

बैल खांद्यानं ओढतो असं आपण म्हणतो, पण खांद्याचा सांधा बराच खाली असतो. जू टेकतं ते मानेवर, वशिंडाच्या लगेच पुढं. घोड्याच्या गळ्यात कॉलर घालतात, तेव्हा ओढ दोन्ही खांद्यांवर पसरते. बैलाच्या बाबतीत ती सगळी येते लाकडाखालच्या कातडीच्या एका पट्टीवर. दोन तळहातांनी झाकली जाईल एवढी जागा, साधारण २०० चौरस सेंटिमीटर धरू.

आता थोडा हिशोब. ४०० किलोचा धडधाकट बैल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास जोर काही तास सलग लावू शकतो, म्हणजे ४० किलोचा. जोडीचा झाला ८० किलोचा. टायरगाडी आणि ऊस मिळून अडीच टन धरले, तर सपाट डांबरी रस्त्यावर ती चालती ठेवायला वजनाच्या तीनेक टक्के जोर पुरतो, म्हणजे ७५ किलोचा. जोडीच्या ताकदीत बसला. रबरी टायर आणि बेअरिंग आल्यामुळंच हे जमतं. जुन्या लाकडी चाकांवर एवढा माल ओढणं फार जड गेलं असतं.

पण रस्ता सपाट नसतो. वीस फुटांना एक फूट असा साधा चढ लागला, की गुरुत्वाकर्षण अडीच टनांच्या पाच टक्के, म्हणजे आणखी १२५ किलो मागं खेचतं. एकूण २०० झाले. प्रत्येक बैलामागं १००, त्याच्या वजनाचा चौथा हिस्सा! बैल तेवढा जोर लावतो, पण थोडा वेळच. गाडीत बसलेल्या माणसाला चढ जाणवतही नाही, आणि बैलाचं काम मात्र अडीच पटीपेक्षा जास्त वाढलेलं असतं. फडातून गाडी बाहेर काढताना चाक मऊ मातीत रुततं, तेव्हाही हेच होतं.

हा १०० किलोचा जोर त्या २०० चौरस सेंटिमीटरवर वाटला, तर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो येतो. रक्तदाबाच्या भाषेत पाऱ्याचे साडेतीनशे मिलिमीटर आणि वर. सपाटीवरसुद्धा दीडशेच्या घरात. माणसाच्या कातडीतल्या केशवाहिन्यांत रक्ताचा दाब तीसेक मिलिमीटर असतो. बाहेरचा दाब त्याहून जास्त झाला की त्या मिटतात आणि तेवढ्या जागेचं रक्त थांबतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला बेडसोर होतात ते याच कारणानं. बैलाची कातडी जाड असते, पण रक्तावाचून तीही तगत नाही. त्यात घाम, धूळ आणि पावलागणिक घासणारं लाकूड.

दुसरी गोष्ट गाडी भरण्याची. दोन चाकांची गाडी म्हणजे आसावर तोललेला तराजू. दोन टन ऊस वीतभर पुढं भरला गेला आणि आसापासून जू तीन मीटरवर असेल, तर दीडशे किलोच्या आसपास वजन सरळ खाली, दोन मानांवर येतं. हे वजन ओढण्याचं नाही, नुसतं डोक्यावर ओझं धरावं तसं. मागं जास्त भरली तर गाडी उलार होते, म्हणजे मागं कलते, आणि सापती बैलाचा गळा आवळून वर ओढते. मोळ्या उंच रचलेल्या असल्यानं उतारावर वजन पुढं सरकतं, चढावर मागं. गाडी यार्डात उभी असते तेव्हा ओढ शून्य असते, पण पुढं झुकलेल्या गाडीचा भार चालूच राहतो. म्हणून त्या गाडीवानाचा टेकू मला फार मोलाचा वाटला. त्या दोन-तीन तासांत कातडीखाली रक्त पुन्हा फिरलं असणार.

सूज आली की आत काय होतं? आधी कातडीखाली पाणी झिरपतं. बोटाचा खड्डा पडतो तो त्यामुळं. या टप्प्यावर उपाय एकच, जू उतरवणं. पहिल्या दिवशी गार पाण्याच्या पट्ट्या आणि नंतर शेक यांनी आराम पडतो, पण विश्रांतीची जागा त्यांना घेता येत नाही. बैल जुंपलेलाच राहिला तर कातडी फाटते, जंतू शिरतात, पू होतो. किंवा सूज हळूहळू तंतुमय होऊन घट्ट गाठ बनते, जी मलमानं जात नाही, शस्त्रक्रियेनं काढावी लागते. मऊ सूज सुईनं फोडू नये आणि डागण्या तर कधीच देऊ नयेत. भाजलेल्या कातडीवर पुन्हा जू ठेवायचं, याहून वाईट काही नाही.

कायद्यानं यातलं बरंच काही १९६५ सालीच सांगून ठेवलंय. ओढकाम करणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठीचे केंद्राचे नियम आहेत: दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. तीस मीटरला तीन मीटरपेक्षा जास्त असा चढ किलोमीटरभर असेल तर वजन निम्मं. चढाचं गणित नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. पण ऊसतोडीला पैसे टनावर मिळतात, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल डोक्यावर असते, त्यामुळं दोन मोळ्या जास्त भरण्याचा मोह कुणाला सुटेल? गाडीवानाला निर्दय म्हणणं सोपं आहे. मी पाहिलेला गाडीवान बैलाआधी स्वतः जेवत नव्हता.

इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये जुवाखाली, दोन बैलांच्या मधोमध, आधाराचं एक चाक बसवलं. त्याचं नाव 'सारथी'. कल्पना मला मनापासून आवडली, कारण मानेवर खाली येणारा भार ते चाक जमिनीवर घेतं. मात्र पुढं ओढण्याचा जोर बैलालाच लावावा लागतो. चढावरचे ते २०० किलो कमी होत नाहीत. त्यासाठी माल कमी भरणं किंवा चढाला जादा जोडी लावणं, एवढंच उरतं. रुंद, गोलसर, गुळगुळीत जू असेल तर तोच जोर जास्त जागेवर पसरतो. जुवाला चिंध्या गुंडाळतात, त्या घामानं भिजून गोळा झाल्या की उलट टोचायला लागतात.

आपल्याकडं या खांद्यासाठी वर्षातला एक दिवस राखलेला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, विदर्भात खांदशेकणी. गरम पाण्यानं खांदा शेकायचा, तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्या संध्याकाळी घरातली लहान पोरंसुद्धा बैलाच्या मानेवरून हात फिरवतात. पण पोळा श्रावणातल्या अमावास्येला. उसाचा हंगाम संपून तेव्हा चारेक महिने झालेले असतात. जानेवारीत बोटानं खड्डा पडत होता, त्या जागी तुपाच्या हाताला आता लिंबाएवढी टणक गाठ लागते, आणि ती दाबली तरी बैल अंग चोरत नाही.