हिमॅटॉक्सिलीन की हिमॅटीइन? रंग नेमका कुणाचा

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या लॅबमध्ये डीएमएलटीची, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची मुलं शिकायला येतात. स्लाइडवर पेशीचं केंद्रक निळं कशानं झालं, असं विचारलं की सगळी एका सुरात सांगतात, "हिमॅटॉक्सिलीन!" रंगाच्या बाटलीवर तेच नाव असतं, त्यामुळे त्यांचं काही चुकत नाही. पण रंग चढतो तो हिमॅटीइनचा.

हिमॅटॉक्सिलीन मिळतं लॉगवुडच्या गाभ्यातून. हे झाड मूळचं मेक्सिकोच्या कँपेचे भागाकडचं. शुद्ध हिमॅटॉक्सिलीन जवळजवळ बिनरंगी असतं. ऑक्सिडेशनमध्ये त्याच्या रेणूतले दोन हायड्रोजन गेले की उरतं ते हिमॅटीइन, आणि खरा रंग तोच. चिरलेलं वांगं हवेत काळं पडतं, त्याच जातीचा हा बदल. हे रंगद्रावण करायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. एरलिखच्या पद्धतीचं द्रावण उन्हात ठेवून मुरवायला महिना-दोन महिने लागतात. हॅरिसच्या पद्धतीत ऑक्सिडीकारक घालतात, म्हणून ते लगेच तयार होतं. पूर्वी त्यासाठी मर्क्युरिक ऑक्साइड, म्हणजे पाऱ्याचं संयुग वापरत. आता सोडियम आयोडेट घालतात, हे फार बरं झालं.

हिमॅटीइनसुद्धा एकटं केंद्रकावर टिकत नाही. त्याला तुरटी लागते. रंगारी कापडाला तुरटी लावतात ते ज्या कारणानं, त्याच कारणानं: तुरटीतलं ॲल्युमिनियम रंगाला धरून ठेवतं. बोमर नावाच्या संशोधकानं 1865 मध्ये ही जोडी जुळवली. सुरुवातीला केंद्रक तांबूस दिसतं, अल्कधर्मी पाण्यात निळं होतं. हळदीला चुना लागला की लाली येते, तसंच.

(नावानं जवळचं वाटणारं हिमॅटिन आणखी वेगळं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनपासून होतं, त्यात लोह असतं. नमुने टिकवायच्या फॉर्मलिनमध्ये आम्ल झालं असेल, तर त्यात ठेवलेल्या नमुन्यावर तपकिरी दाणे दिसतात, ते त्याचेच.)

हिमॅटॉक्सिलीन आणि हिमॅटीइनमधला फरक मी मुलांकडून घोटून घेतो, कारण ऑक्सिडेशन हिमॅटीइनपाशी थांबत नाही. ते पुढे सरकलं की रंग मरतो, आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या उष्णतेत ते झपाट्यानं सरकतं. केंद्रक फिकट राहिलं, तर कर्करोगाची पेशी ओळखायची कशी? म्हणून बाटलीवरच्या तारखेवर विसंबू नका. रोज सकाळी नळाच्या पाण्यात द्रावणाचे दोन थेंब टाका. लगेच निळं-जांभळं झालं तर द्रावण चांगलं. लालसर किंवा तपकिरी राहिलं तर नवं करायला घ्या.