तारणाची खात्री

तारणाची खात्री : आपल्या पापांची क्षमा झाली आहे, देवाशी आपला समेट झाला आहे आणि मरणानेही हा संबंध तुटणार नाही, असा ख्रिस्ती व्यक्तीला स्वतःविषयी वाटणारा भरवसा. तारण आणि तारणाची खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारण हे देवाचे कृत्य, तर खात्री ही त्या कृत्याची माणसाला पटलेली ओळख. हा भेद ध्यानात राहिला नाही, की खात्री डळमळली म्हणजे तारणच गेले अशी समजूत होते, आणि आध्यात्मिक संशयाचे दुखणे बहुधा याच समजुतीतून वाढते. सातारा, सांगली, मिरज भागातील मराठी मंडळ्यांमध्ये (स्थानिक ख्रिस्ती समाजांमध्ये) याच अर्थाने ‘भरवसा’ हा शब्दही चालतो. तो अधिक नेमका म्हणावा लागेल, कारण खात्री पुरावा पाहून करून घेतात, भरवसा मात्र कोणावर तरी ठेवावा लागतो.

नव्या करारात या विषयाचे दोन सूर ऐकू येतात. विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन लाभले आहे हे त्यांना कळावे म्हणूनच आपण लिहीत आहोत, असे योहानाच्या पहिल्या पत्राच्या अखेरीस (५:१३) म्हटले आहे. आपण देवाची मुले आहोत याची साक्ष पवित्र आत्मा देतो, असे पौल रोमकरांस लिहितो (८:१६). उलटपक्षी, ‘प्रभुजी, प्रभुजी’ म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईल असे नाही, हा इशारा मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे आणि विश्वासापासून ढळलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य, असे म्हणणाऱ्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाने तर अनेक पापभीरू वाचकांची झोप उडवली आहे. या दोन सुरांच्या मधोमध मार्काने सांगितलेला एक प्रसंग उभा आहे (९:२४). आजारी मुलाचा बाप येशूपुढे आपला विश्वास आणि आपला अविश्वास एकाच श्वासात कबूल करतो. येशू त्याला आधी अविश्वास संपवून ये असे सांगत नाही. मुलाला बरे करतो.

प्राचीन आणि मध्ययुगीन चर्च अशा खात्रीबाबत सावध होते. सहाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारातील ग्रेगोरिया नावाच्या स्त्रीने, आपल्या पापांची क्षमा झाल्याचे दर्शनाने कळवावे असा आग्रह धरला, तेव्हा पोप थोरले ग्रेगरी यांनी ही मागणी अवघड तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे, असे उत्तर तिला पाठवले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये हीच भूमिका नियमबद्ध केली : विशेष प्रकटीकरणाशिवाय, आपण शेवटपर्यंत टिकू हे कोणालाही निःसंशय कळू शकत नाही. कॅथलिक परंपरेत म्हणूनच खात्रीऐवजी आशा आणि संस्कार यांवर भर राहिला.

सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारकांना मात्र हाच प्रश्न जिवाचा वाटला. संशयाने घेरल्यावर ल्यूथर आपल्या बाप्तिस्म्याची आठवण करीत. कॅल्विन यांनी विश्वासाची व्याख्याच ‘दृढ आणि निश्चित ज्ञान’ अशी केली. तरी विश्वासणाऱ्याच्या मनात संशयाशी झगडा चालूच असतो हेही त्यांनी मान्य केले आणि देवाने तारणासाठी आपल्याला निवडले आहे की नाही हे पाहायचा आरसा म्हणजे ख्रिस्त, असे सांगितले. कॅल्विनच्या परंपरेतील, सतराव्या शतकात इंग्लंडात तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकथनाचा अठरावा अध्याय पूर्णपणे याच विषयाला दिलेला आहे. खरा विश्वास असूनही खात्रीसाठी दीर्घकाळ थांबावे लागू शकते, आणि हयगय, सदसद्विवेकाला जखम करणारे पाप किंवा अचानक आलेला मोह यांमुळे मिळालेली खात्रीही झाकोळते, हे त्यातील प्रतिपादन आजही उपयोगी पडते. मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये ती खात्री एकाएकी लाभली. सुरुवातीला प्रत्येक विश्वासणाऱ्याला असा अनुभव यायलाच हवा असे ते मानत. उतारवयात त्यांनी हा आग्रह सौम्य केला.

साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनने आणि सांगली-मिरज भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने काम केले, डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिरजेतील रुग्णालय (१८९४) दुसऱ्या मिशनचे. दोन्ही मिशन कॅल्विनच्या परंपरेशी नाते सांगणारी होती. पुढे आलेल्या उज्जीवन सभांनी (विश्वास नव्याने जागवणाऱ्या सभांनी) मात्र साक्षीला, म्हणजे आपल्या विश्वासाच्या जाहीर निवेदनाला, तारीख जोडली : अमुक दिवशी, अमुक सभेत माझे तारण झाले. तीन-चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरातल्या माणसाकडे अशी तारीख नसते. पाळण्यात बाप्तिस्मा, शाळकरी वयात रविवारची शाळा, मग दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळच्या विश्वासाची स्वतः दिलेली कबुली. यात वळणाचा दिवस कोणता, हे त्याला सांगता येत नाही. साक्षीची वेळ आली की तो मान खाली घालतो आणि घरी जाऊन स्वतःलाच तपासू लागतो. संशयाचा हा प्रकार बराचसा आपणच निर्माण केलेला आहे असे वाटते.

तारखांचा हिशेब थोरामोठ्यांच्या बाबतीतही जुळत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, पण ख्रिस्ती धर्म मिळाला असला तरी ख्रिस्त मिळायला पुढे आणखी काही वर्षे जावी लागली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. बावीस वर्षांनंतर मिशनची चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ स्थापन करताना ते नवा आरंभच करीत होते.

तुलनेसाठी सज्जनगडाकडे पाहता येईल. समर्थ रामदासांच्या दासबोधात साधकाला संदेह असतो आणि सिद्ध निःसंदेह असतो. तिथे संदेहनिवृत्ती हे साधनेचे फळ आहे. ख्रिस्ती कल्पनेत खात्री पहिल्याच दिवशी लाभू शकते आणि चाळीस वर्षांनी डळमळूही शकते, कारण ती साधकाच्या प्रगतीवर उभी नसून दुसऱ्याने दिलेल्या वचनावर उभी असते.

संशयावरचा उपायही त्यामुळे वादविवादाचा नसतो. घरभेटीला गेलेल्या पाळकाला अंथरुणाला खिळलेली आजी विचारते, ‘पाळकसाहेब, जीवनाच्या पुस्तकात माझं नाव लिवलेलं असंल न्हवं?’ अशा वेळी तिच्या आयुष्याचा जमाखर्च मांडणारा पाळक तिला अधिक घाबरवून येतो. जाणता पाळक योहानाच्या दहाव्या अध्यायातील, मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, हे वचन वाचतो आणि मग भाकरीचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवतो. प्रभुभोजनाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, इथे मोठा उपयोग असतो : वचन सर्वांसाठी वाचले जाते, तुकडा मात्र एकीच्याच हातात पडतो.

प्रत्येक संशय मात्र असा निवळत नाही. इंग्रजी कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) यांना १७७३ पासून आपण कायमचे टाकले गेलो आहोत असे वाटत राहिले. मित्र जॉन न्यूटन यांनी त्यांना घरी ठेवून घेतले, सांभाळले, पण समजावणी लागू पडली नाही; तो मनाचा आजार होता. अशा माणसाला आत्मपरीक्षण करायला सांगितले, तर जखम चिघळते. त्याला पाळकाबरोबरच डॉक्टरांकडेही न्यावे लागते, आणि त्याच्या वाटची प्रार्थना तेवढे दिवस मंडळीने करायची असते.