स्नायुविकार आणि शरीरक्रियाशास्त्र: पोस्टडॉकच्या जागांमागचा इतिहास

'स्नायूंचे आजार व शरीरक्रियाशास्त्र' अशा जोडनावाने आज पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतर ठरावीक मुदतीसाठी मिळणाऱ्या संशोधनाच्या, जागा निघतात. उमेदवाराला उंदराच्या स्नायूचा जोर मोजता यावा आणि विषाणूत जनुक बसवण्याचं कामही यावं, अशी अपेक्षा असते. पीएचडी संपवून जागा शोधणाऱ्याला ही मागणी जरा विचित्र वाटते. पण हे दोन विषय शंभराहून अधिक वर्षं वेगळ्या इमारतींत वाढले आणि ते एकत्र येऊन फार काळ झालेला नाही.

आजाराची बाजू रुग्णालयांत सुरू झाली. लंडनच्या एडवर्ड मेरियन यांनी १८५२ मध्ये काही घरांतल्या फक्त मुलग्यांनाच होणाऱ्या स्नायुक्षयाबद्दल लिहिलं. मृत्यूनंतर त्यांनी ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा मज्जारज्जू ठीक होता. स्नायुतंतूंवरचं आवरण मात्र फाटून नष्ट झालं होतं. हे निरीक्षण पुढे जवळजवळ विसरलं गेलं. आजाराला नाव मिळालं ते पॅरिसचे डॉक्टर ड्यूशेन यांचं. जिवंत रुग्णाच्या स्नायूचा कण काढता यावा म्हणून त्यांनी खास सुई बनवली आणि १८६८ मध्ये तेरा रुग्णांचं सविस्तर वर्णन छापलं. जमिनीवरून उठताना ही मुलं आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत स्वतःला वर ढकलतात, ही खूण लंडनचे डॉक्टर गॉवर्स यांनी १८७९ मध्ये नोंदवली. आजही डॉक्टर मुलाला खाली बसवून उठायला सांगतात, ते यासाठीच. निदान असं पक्कं होत गेलं, पण कारण कुणालाच सांगता येत नव्हतं.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ तेव्हा बेडकाच्या स्नायूत गुंतलेले होते. आकुंचन पावताना स्नायू किती उष्णता सोडतो, यावरच्या कामासाठी ए. व्ही. हिल यांना, ऑटो मायरहॉफ यांच्यासोबत, १९२२ चं नोबेल मिळालं. याच सुमारास पोस्टडॉक नावाची व्यवस्थाही आकाराला येत होती. रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशांतून अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९१९ मध्ये पीएचडीनंतरच्या फेलोशिप सुरू केल्या, आधी भौतिकी आणि रसायनशास्त्रासाठी.

या व्यवस्थेने स्नायुविज्ञानाला काय दिलं, हे अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेतल्या एका प्रयोगशाळेत दिसतं. ह्यू हक्सली १९५२ मध्ये केंब्रिजहून तिथे फेलोशिपवर गेले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक शिकायला. पुढच्या वर्षी त्याच कारणाने लंडनच्या किंग्ज कॉलेजातून जीन हॅन्सन आल्या. हक्सलींच्या हाती क्ष-किरणांचं तंत्र होतं, तर सशाच्या स्नायूतून सुटे केलेले तंतुक जिवंत हालचालीत पाहण्यात हॅन्सन यांचा हातखंडा होता. दोघांनी आपापली तंत्रं एकत्र केली. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूत गडद आणि फिकट पट्टे आळीपाळीने दिसतात. आकुंचनात गडद पट्ट्याची लांबी तेवढीच राहते आणि फक्त फिकट पट्टा आखूड होतो, म्हणजे आतले प्रथिनांचे बारीक धागे स्वतः आखडत नाहीत, एकमेकांत सरकतात, असा निष्कर्ष निघाला. अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्क यांनीही केंब्रिजमध्ये वेगळ्या वाटेने हेच गाठलं. दोन्ही निबंध मे १९५४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात आले. ह्यू हक्सली आणि हॅन्सन यांची ती पाहुण्यांची जागा होती, कायमची नोकरी नव्हे. फेलोशिपच्या मुदतीला वाया जाणारी वर्षं समजणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

तरीही ड्यूशेन यांच्या नावाचा आजार झालेल्या मुलांना याचा काही उपयोग झाला नव्हता. संशोधनाची दिशा पैशांनी वळवली, आणि तो पैसा बराचसा रुग्णांच्या घरच्यांनी उभा केला. अमेरिकेत १९५० मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफी असोसिएशन स्थापन झाली. फ्रान्समध्ये सातपैकी चार मुलांना हा आजार असलेल्या योलेन द केपेर या आईने १९५८ मध्ये संघटना काढली. या संघटनेच्या १९८७ पासूनच्या 'टेलेथॉन' या दूरचित्रवाणीवरच्या निधी-कार्यक्रमातून गोळा झालेल्या देणग्यांतून प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, तरुण संशोधकांचे पगार झाले. पॅरिसची मायोलॉजी संस्था आज ज्या पितिए-साल्पेत्रिएर रुग्णालयात आहे, त्यातल्या साल्पेत्रिएरमध्ये ड्यूशेन स्वतः रुग्ण तपासत.

१९८६ मध्ये बोस्टनला लुई कुंकेल यांच्या गटाने दोषी जनुक शोधलं. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडचे पोस्टडॉक एरिक हॉफमन यांनी त्या जनुकाचं प्रथिन दाखवलं: डिस्ट्रोफिन. स्नायूतल्या एकूण प्रथिनांत त्याचा वाटा जेमतेम ०.००२ टक्के. रुग्ण मुलांच्या स्नायूंत ते जवळजवळ नव्हतंच.

पण ते करतं काय? इथे शरीरक्रियाशास्त्राशिवाय पुढे जाता येत नव्हतं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने डिस्ट्रोफिन नसलेल्या उंदरांचे स्नायू द्रवात टांगले, त्यात रंग मिसळला. धड तंतूच्या आत हा रंग शिरत नाही. मग स्नायू आखडत असतानाच त्याला ओढून ताणलं. जिना उतरताना मांडीच्या स्नायूवर असाच ताण येतो. या उंदरांच्या तंतूंत रंग शिरला, निरोगी उंदरांच्या तंतूंत त्यामानाने फारच कमी. आवरण फाटत होतं, आणि स्नायू किती वेळा आखडला यापेक्षा ताण किती आला यावर फाटणं अवलंबून होतं. हा निबंध १९९३ चा. मेरियननी पाहिलेल्या फाटक्या आवरणाचा अर्थ लागायला एकशे चाळीस वर्षं गेली.

तेव्हापासून कुठलीही नवी उपचारपद्धती आली की पहिला प्रश्न असतो, स्नायूचा जोर खरंच वाढला का? प्रथिन दिसलं एवढ्याने भागत नाही. स्नायूपर्यंत जनुक पोचवायला निरुपद्रवी केलेला विषाणू वापरतात, पण डिस्ट्रोफिनचं जनुक त्याच्या कवचात मावत नाही, म्हणून त्याची छोटी आवृत्ती वापरतात. हे चालू शकेल अशी आशा १९९० मध्ये वर्णन झालेल्या एका रुग्णामुळे वाढली: त्याच्या जनुकाचा ४६ टक्के भागच नव्हता, तरी एकसष्टाव्या वर्षी तो चालत होता. अशा जनुकोपचाराला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. २०२५ मध्ये तो घेतलेल्या दोन किशोरवयीन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. छोटं प्रथिन हृदयाला पुरतं का, मात्रा कमी कशी करायची, प्रतिकारशक्तीला कसं आवरायचं, हे प्रश्न आज उघडे आहेत आणि नव्या जागा बहुतांशी त्यांच्यासाठीच निघतात.

भारतात परतू पाहणाऱ्यांसाठी २००८ पासून इंडिया अलायन्स या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेची फेलोशिप आहे, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बेंगळुरूतलं जीवविज्ञान केंद्र फळमाशीच्या स्नायूंवरच्या कामासाठी ओळखलं जातं. परदेशात अर्ज करणाऱ्याने मुलाखतीत एवढं जरूर विचारावं: जोर मोजण्याची व्यवस्था याच प्रयोगशाळेत आहे का, आणि रुग्णांचे नमुने कुठल्या रुग्णालयातून येतात?