विमानामागची पांढरी रेघ: खरा प्रश्न फवारणीचा नाही, गरमीचा आहे

नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून इकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड परत फिरायला लागलाय, की विमानं आकाशात पांढऱ्या रेघा सोडतात ते केमिकल असतं, पाऊस पळवायला नाहीतर लोकांना आजारी पाडायला मुद्दाम फवारतात. साफ खोटं आहे हे. उलव्यावरून उतरणारी विमानं बघा, त्यांच्यामागे रेघ नसतेच. रेघ दिसते ती दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्यांच्या मागे, आखातातून सिंगापूर-बँकॉकला निघालेल्या वगैरे.

एक किलो विमानाचं इंधन जळलं की साधारण ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड आणि सव्वा किलो पाणी तयार होतं, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात जोडला जातो. हे पाणी गरम वाफ म्हणून बाहेर पडतं, ती दिसत नाही. पण बाहेर उणे ४० अंश असतं. आता मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट. हवेत किती बाष्प मावतं ते तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, दर १० अंशांना जवळपास दुप्पट होतं, म्हणजे आलेख वक्र येतो. पण गरम धूर आणि थंड हवा मिसळताना मिश्रणाचं तापमान आणि बाष्प जोडीने सरळ रेषेत बदलतं, आणि ही सरळ रेषा मधे कुठेतरी वक्राच्या वर गेली की जास्तीचं बाष्प काजळीच्या कणांवर थेंब होऊन बसतं आणि लगेच गोठतं. दोन्ही हवा वेगवेगळ्या असताना बाष्प मावत होतं, मिसळल्यावर मावत नाही! महाबळेश्वरला जानेवारीत पहाटे तोंडातून वाफ दिसते ती याच कारणाने. हे गणित जर्मनीत श्मिट यांनी १९४१ मध्ये आणि अमेरिकेत अ‍ॅपलमन यांनी १९५३ मध्ये मांडलं. आणि यातून निघतं की इंजिन जितकं कार्यक्षम तितका त्याचा धूर कमी गरम, म्हणून रेघ उलट जास्त सहज बनते.

भोवतालची हवा कोरडी असेल तर रेघ मिनिटभरात विरते. पण काही थरांत हवा इतकी दमट असते की बर्फाचे कण टिकतात, पसरतात, तासन् तास पातळ ढग होऊन राहतात आणि जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवतात. दिवसा ते थोडं ऊन परत पाठवतात तरी, रात्री फक्त अडवतात, आणि मुंबईची किती इंटरनॅशनल फ्लाइट्स मध्यरात्रीनंतर सुटतात ते आपल्याला माहितीच आहे. या रेघांमुळे होणारी तापमानवाढ विमानांच्या कार्बनइतकी किंवा त्याहून जास्त असू शकते, आकड्यात अनिश्चितता मोठी आहे पण दुर्लक्ष करण्यासारखी बाब नाही.

बरं, हे दमट थर उभे बघितले तर बरेचदा काहीशे मीटरच जाड असतात. हजार-दोन हजार फूट वर किंवा खाली गेलं की सुटका. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने ७० टेस्ट फ्लाइट्समध्ये हेच केलं, रेघा ५४ टक्क्यांनी घटल्या, वळवलेल्या फ्लाइट्सना इंधन २ टक्के जास्त लागलं. आणि टिकणाऱ्या रेघा मोजकीच विमानं बनवतात, त्यामुळे सगळ्यांना वळवायची गरजही नाही. तिकीट काढताना झाडं लावायचे पैसे भरा म्हणून चौकट येते ना, त्या झाडाचा या रेघेशी काही संबंध नाही, आणि तेवढ्यावर कंपनी स्वतःला हरित म्हणत असेल तर मला ते पटत नाही. एअरबसच्या नव्या निओ विमानांची इंजिनं सुमारे १५ टक्के इंधन वाचवतात, पंखांची वळलेली टोकं, धावपट्टीकडे जाताना एकच इंजिन चालू ठेवणं, ही कामं खरी आहेत.

तळणाच्या वापरलेल्या तेलापासून बनणारं विमान इंधन मला दुहेरी फायद्याचं वाटतं. घोडबंदर रोडवरच्या हॉटेलांतलं तेलसुद्धा यात चालेल. त्यात अ‍ॅरोमॅटिक नावाची संयुगं जवळजवळ नसतात म्हणून काजळी कमी, बर्फाचे कण कमी पण मोठे, ते लवकर खाली पडतात. नासा आणि जर्मनीची अंतराळ संशोधन संस्था डीएलआर यांनी विमानामागे विमान उडवून मोजलं, असं इंधन मिसळल्यावर काजळी आणि बर्फाचे कण ५० ते ७० टक्के कमी भरले. असं पर्यायी इंधन मिसळायचं भारताचं लक्ष्य २०२७ मध्ये इंटरनॅशनल फ्लाइट्ससाठी १ टक्का आणि २०३० मध्ये ५ टक्के आहे. एवढंसंच मिळणार असेल तर ते सगळ्यांना थेंब थेंब वाटू नका, रात्री दमट थरांतून जाणाऱ्या फ्लाइट्स आधी शोधा आणि पहिला टँकर त्यांना द्या.