सीओटू मीटर दुपारी गच्चीवर न्या

इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या एखाद्या कोचिंग क्लासात एसी चालू, खिडक्या बंद. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. उच्छ्वासात सुमारे 4 टक्के, म्हणजे 40,000 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू असतो. तासाभरात खोली जड होते. तरी हा वायू मोजणारा भिंतीवरचा मीटर 800 पीपीएमच दाखवत असेल, तर शंका घ्यावी.

आधी मीटर अस्सल आहे का ते पाहा. श्वास रोखून जाळीजवळ सॅनिटायझरचा बोळा धरा. आकडा झपकन हजारापार गेला, तर आत सीओटू सेन्सर नाहीच. वाफा हुंगून तो आकडा बेततो. त्याला कॅलिब्रेट करणं, म्हणजे त्याचा आकडा खऱ्याशी जुळवणं, व्यर्थ.

अस्सल मीटर इन्फ्रारेड प्रकाश हवेतून सोडतो. 4.26 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश सीओटू शोषतो. जितका कमी पोचेल तितका वायू जास्त. आतला दिवा मंदावला तरी प्रकाश कमीच पोचतो आणि आकडा फुगतो. म्हणून बऱ्याच मीटरांत ऑटो कॅलिब्रेशन असतं: आठवड्याभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, 400, असं तो धरून चालतो. होस्टेल किंवा दवाखान्याचा वॉर्ड कधी रिकामाच होत नाही. तिथली हवा 550 च्या खाली उतरली नाही, तर मीटर 550 लाच 400 म्हणू लागतो आणि पुढे सगळं 150 ने कमी दाखवतो. अशा जागी ऑटो बंदच ठेवावं.

मग कॅलिब्रेशन हातानं करा. पॉवर बँक जोडून मीटर गच्चीवर, सावलीत, स्वयंपाकघराच्या चिमणीपासून आणि जनरेटरपासून दूर ठेवा. वेळ दुपारची. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते, तिच्यात झाडांनी रात्रभर सोडलेला वायू आणि वाहनांचा धूरही असतो. तेव्हा बाहेरही आकडा चढलेला असतो. पावसाळ्यात एसीतून थेट बाहेर काढू नका, आत दव धरतं. अर्धा तास बंद पिशवीत राहू द्या. गच्चीवर ठेवल्यावर वीस मिनिटं जवळ जाऊ नका (तुमचा श्वासच घात करतो), मग लांबून वाचा. 425 च्या आसपास, पन्नासेक इकडेतिकडे असेल तर हात लावू नका. जास्त फरक असेल तर मेनूतून बाहेरच्या हवेवर सेट करा.

इंदूरची आणखी एक गोम. शहर साधारण 550 मीटर उंचीवर, त्यामुळे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 6 टक्के कमी. मीटर रेणू मोजतो आणि विरळ हवेत ते कमी असतात, म्हणून मीटरमध्ये उंची भरली नसेल तर गच्चीवर बरोबर लावलेला मीटरही 1500 च्या खोलीत 1430 दाखवेल. मेनूत उंचीचा पर्याय असेल तर आधी 550 भरा, मगच गच्ची गाठा.