पायाखालचं मोझॅक आलं कुठनं

आमच्या पेठेतल्या तालमीच्या हॉलचं काम निघालंय आणि त्यावरनं दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते जुनी मोझॅक फरशी उखडा आणि व्हिट्रीफाइड टाका, दुसरी म्हणते आहे ती फरशी घिसून घ्या, वाचलेल्या पैशात बाहेरच्या चौकात काळ्या-पांढऱ्या दगडाचं एक मोठं डिझाईन करा. मी दुसऱ्या पार्टीतला, हे आधीच सांगून टाकतो. पण मिटिंगमध्ये बोलता बोलता कळलं की मोझॅक म्हणजे काय इथंच गोंधळ आहे, कुणी हॉलच्या फरशीला मोझॅक म्हणतंय, कुणी टेरेसवर टाइल्सचे तुकडे लावतात त्याला, कुणी चर्चमधल्या चित्राला. तिघंही बरोबरच आहेत, म्हणून ही सगळी मागची गोष्ट लिहितोय.

मूळ मोझॅक म्हणजे तुकडा तुकडा हातानं बसवून केलेली नक्षी. ग्रीक लोक आधी नदीतले गोटेच वापरायचे, मॅसिडोनियातल्या पेल्ला गावात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या गोट्यांच्या फरशा सापडल्यात. मग दगड कापून बारीक चौकोनी तुकडे करायला लागले आणि रोमन लोकांनी ते काम पार टोकाला नेलं. इटलीतल्या पॉम्पेई या जुन्या रोमन शहरात १८३१ साली अलेक्झांडरच्या लढाईची फरशी सापडली, साधारण ५.८ मीटर बाय ३.१ मीटर, म्हणजे आपल्या हिशोबानं दोनशे स्क्वेअर फुटाच्या आतच, एका बऱ्यापैकी खोलीएवढी. आणि तेवढ्यात अंदाजे १५ लाख तुकडे! असलं काम श्रीमंताच्या वाड्यातच होणार. सार्वजनिक जागेसाठी त्यांनी सोपी वाट काढली, मोठे तुकडे आणि दोनच रंग, काळा आणि पांढरा. रोमजवळ ओस्तिया बंदरात व्यापाऱ्यांच्या ऑफिसांचा एक चौक आहे, तिथं प्रत्येक ऑफिससमोर फरशीतच जहाज, हत्ती असली चित्रं केलीत, एक प्रकारे दुकानाची पाटीच पायाखाली. मला हे फार आवडतं.

रोमचा माल आपल्या कोल्हापुरापर्यंत येत होता बरं का. ब्रह्मपुरीला पंचगंगेकाठी जे सापडलं त्यातली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे, बघितली नसेल तर बघून या. मूर्ती तेव्हा आली, फरशीचं तंत्र यायला मात्र कितीतरी शतकं गेली.

आता मोठी फरशी परवडायला कशी लागली, तर त्यात एका माणसाचा मोठा हात आहे. इटलीच्या फ्रिउली भागातला जानदोमेनिको फाकिना. पॅरिसचं ऑपेरा हाऊस १८७५ ला उघडलं, त्यातलं मोझॅकचं काम त्याचं. तोवर कारागीर जागेवर गुडघ्यावर बसून ओल्या चुन्यात एकेक तुकडा दाबायचे, वर्षं जायची. फाकिनाच्या पद्धतीत काम वर्कशॉपमध्येच व्हायला लागलं, जाड कागदावर डिझाईन उलटं काढायचं (आरशात दिसतं तसं), तुकड्यांची चांगली बाजू खाली करून ते कागदाला चिकटवायचे, मग त्या कागदाचे भाग कापून मागं नंबर टाकायचे, जागेवर नेऊन नंबरप्रमाणं ओल्या मसाल्यात दाबायचे आणि मसाला धरला की कागद भिजवून सोलून काढायचा. झालं. दहा माणसं दहा टेबलांवर एकाच वेळी काम करू शकतात, पावसाची भीती नाही, खर्च कितीतरी कमी. आजही मोठं चित्र असंच करतात, कधी कागदावर कधी जाळीवर. आपल्या मिटिंगमध्ये 'एवढं मोठं कोण करणार' हा जो प्रश्न येतो त्याचं उत्तर हेच आहे, मोठं कुणीच करत नाही, फूट-दोन फुटांचे तुकडे करतात आणि जोडतात.

आपल्या हॉलची फरशी मात्र या घराण्याच्या दुसऱ्या फांदीची. व्हेनिसकडचे कारागीर संगमरवर कापून उरलेला चुरा चुन्यात घालून पसरायचे आणि दगडानं घासून गुळगुळीत करायचे, ते टेराझो, आपण फरशीला मोझॅक म्हणतो ते हेच. १८२४ साली इंग्लंडात पोर्टलँड सिमेंटचं पेटंट निघालं आणि पुढं चुन्याच्या जागी सिमेंट आलं, फरशी कडक झाली पण सिमेंट सुकताना आक्रसतं, मोठा पट्टा ओतला की तडकतो. म्हणून मधी पट्ट्या घालायला लागले, पितळी, जस्ताच्या, आपल्याकडं काचेच्या नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या. आमच्या हॉलमध्ये पण काचेच्या पट्ट्या आहेत आणि एकजण म्हणाला त्या नुसत्या शोभेला आहेत. नाहीत! त्या पट्ट्यांमुळंच तो हॉल इतकी वर्षं न तडकता टिकलाय.

भारतात आधी भारीतली टाइल इंग्लंडहून यायची, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटनची वगैरे. १९२२ मध्ये सिधवा कुटुंबानं उरणला भारत टाइल्स काढली, स्वदेशी म्हणून. त्याच वर्षी तिकडं फ्रिउलीत स्पिलिंबेर्गोला मोझॅक शिकवणारी शाळा निघाली, ती अजून चालू आहे. स्वातंत्र्यानंतर शाळा, दवाखाने, सरकारी ऑफिसं, जिथं तिथं मोझॅक पडलं, या टाइल्ससाठी आयएस (इंडियन स्टँडर्ड) १२३७ आणि जागेवर ओतायच्या फरशीसाठी आयएस २११४ ही स्टँडर्डसुद्धा झाली. कारण साधं होतं, फरशीतले चिप्स म्हणजे दगडाचे बारीक तुकडे, खाणीतलाच उरलेला माल, त्यामुळं स्वस्त, आणि झिजली तर परत घिसता येते. घिसायला आधी जाड दगड, मग बारीक, मधी भोकं त्याच रंगाच्या सिमेंटनं भरायची, शेवटी ऑक्सॅलिक अ‍ॅसिडनं पॉलिश. चिप्स वरच्या थरात खोलपर्यंत असतात म्हणून हे जमतं. छापील डिझाईनच्या टाइलचा वरचा थर गेला की ती गेली, ती घिसायला काही उरतच नाही.

चौकाचं बोलायचं तर त्याला पोर्तुगालचं लिस्बन बघावं. तिथं १८४२ मध्ये किल्ल्यावर कैद्यांकडनं काळ्या-पांढऱ्या दगडाची नागमोडी फरसबंदी करून घेतली, ती लोकांना इतकी आवडली की पुढं १८४८-४९ ला रोसियो चौकात लाटांची नक्षी झाली, आणि तीच लाट समुद्रापार ब्राझीलमधल्या रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर साधारण ४ किलोमीटर पसरलीय. तिथला पांढरा दगड चुनखडीचा आणि काळा कुठला, तर बेसॉल्ट. म्हणजे आपलाच काळा दगड, ज्याचा कोल्हापूरचा न्यू पॅलेस आहे! पांढरा बाहेरनं आणावा लागेल, काळ्यासाठी लांब जायला नको आणि दगड फोडणारे पाथरवट अजून आहेत.

दोन गोष्टी मात्र आत्ताच ठरवायला पाहिजेत. हॉलसारखं पॉलिश बाहेर करायचं नाही, आपल्या पावसात कुणीतरी पाय घसरून पडेल, तिथं फोडलेला खरबरीत दगडच पाहिजे. आणि लिस्बनला दगड वाळूच्या थरावर बसवतात, ते माणसं चालायच्या जागेला ठीक, आमच्या चौकातनं उसाचे ट्रॅक्टर जातात, त्यामुळं खाली काँक्रीट घातल्याशिवाय पुढं जायचंच नाही.

परवा हॉलच्या एका कोपऱ्यात दोन बाय दोन फूट हातमशीन मारून बघितलं. काळवंडलेल्या थराखालनं पिवळे आणि तांबडे चिप्स वर आले, आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं की फरशीत तांबडा रंग आहे. कोपरा तसाच उघडा ठेवलाय, रविवारी मिटिंगच्या आधी दोन्ही पार्ट्यांना तिथं बोलवलंय.